गल्लीभर ऐकू जाणारी जाहिरात

दहिवलीच्या आमच्या टेलरकाकूंच्या तोंडात कायम टाचण्या असतात. मी बोलत नाही, त्यांना बोलता येत नाही. त्यामुळे आमचं छान जमतं.

मध्यंतरी एकजण त्यांना पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा स्पीकर देऊन गेला. “गल्लीभर ऐकू जाईल, ताई. फुकटात जाहिरात!” काकू खूश झाल्या.

एकदा मी तिथे असताना एक सून सासूबरोबर ब्लाउज न्यायला आली. पैसे भरायला तिने फोन काढला आणि घाबरून आधी सासूकडे, मग स्पीकरकडे पाहिलं. काकूंनी मशीनवरूनच हात लांबवला आणि स्पीकर बंद केला.

“कितीला पडला गं?” सासूने विचारलं. सून पैसे भरून फोन पर्समध्ये ठेवू लागली. मग सासू काकूंकडे वळली. “तुमी सांगा, किती घेतलं?”

काकूंनी आणखी दोन टाचण्या तोंडात धरल्या आणि बोट ओठांकडे नेऊन मान हलवली.

“मुकी हाय का काय ही?” म्हणत सासू बाहेर पडली.

स्पीकर अजून बंदच असतो. परवा ती सून दोन जावांना घेऊन आली होती, सासूला न सांगता.