मी नानांची पेटी सुधारली

नानांचा उरलासुरला आवाज मी बंद पाडला. तोही संगीतशास्त्र शिकून!

पक्षाघाताने माझ्या वडिलांची, नानांची, वाचा गेली होती. पण संध्याकाळी मी गिटारवर त्यांचं आवडतं भजन धरलं आणि आईने त्यांच्या जुन्या पेटीवर साथ दिली, की नाना डोळे मिटून गुणगुणायचे. डॉक्टर म्हणाले, "हे सोडू नका. यातूनच एखादा शब्द येईल."

मी हिशेब मांडला : तीस वर्षं ऐकून-ऐकून शिकलेल्या माझ्या अडाणी गिटारवर माणूस गुणगुणतो, तर शास्त्रशुद्ध गिटारवर भाषणच करेल! (असले विचार मला कायम वेळेवर सुचतात.) जळगावात आमच्याच गल्लीत कुमुदअक्का राहतात, निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांच्यापुढे बसलो.

"हा कोणता कॉर्ड?"

"खेकडा."

"काय?"

"बोटं तशी होतात ना, अक्का! आणि हा उताणा खेकडा."

अक्कांनी कपाळाला हात लावला. खेकडा एफ मेजर निघाला. तीन आठवड्यांनी त्यांनी मोबाइलवरचं सूर दाखवणारं यंत्र गिटारपुढे धरलं. काटा ना काळी एकवर, ना पांढरी दोनवर. मध्येच कुठेतरी लटकलेला.

"अरे, तार कशावरून लावतोस?"

"नानांच्या पेटीवरून."

"मग पेटीच चुकलेली आहे!"

झालं! नवीन ज्ञान मला बसू देईना. गिटार यंत्रावर लावली, पेटी मांडीवर घेतली आणि धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल येईपर्यंत पाय माझे राहिले नव्हते. धुळ्याच्या पेटी दुरुस्त करणाऱ्या शफीभाईंनी एकेक पट्टी उघडून, आतले पितळी सूर घासून पेटी अगदी निर्दोष करून दिली.

संध्याकाळी भजन धरलं. नानांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी पेटी दिसताच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आई म्हणाली, "हाई पेटी आपली नही शे. काय करी टाकं रे तू?"

मी पुन्हा धुळ्याला. "शफीभाई, होती तशी करून द्या!"

"भाऊ, बरोबर किती ते मला माहीत आहे," शफीभाई शांतपणे म्हणाले. "चूक किती होती?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, त्यांना बोलता येत नव्हतं.

घरी येऊन गिटार घेऊन नानांच्या उशाशी बसलो. खुंटी जराशी पिळायची, तार छेडायची. "हा का, नाना? हा? बरं, हा?" चाळीसेक वेळा तरी झालं असेल.

"गाढवाऽऽ!"

आईच्या हातातून ताट पडलं. चार महिन्यांतला पहिला शब्द! आई रडायला लागली. आणि मी? मी खुंटी धरून ओरडलो, "नाना, परत म्हणा! तोच सूर!"

"गाढवाऽऽ!"

तार त्या हाकेला जुळवली. सापडला! त्या संध्याकाळी एकट्या गिटारवर भजन झालं. नाना गुणगुणले.

दुसरा शब्द मात्र आला नाही. थंडीत नाना गेले.

शफीभाईंनी नंतर पेटीही त्याच सुरात लावून दिली. आजही गिटार लावताना मी यंत्र बंद करतो, डोळे मिटतो आणि नानांच्या आवाजात स्वतःला "गाढवाऽऽ" म्हणतो. तार लगेच जुळते. अक्का म्हणतात, शास्त्रात याला पुरावा नाही.

आई म्हणते, "पुरावा समोर बठेल शे ना!"