देवमाशाची रंगीत तालीम, पुणतांब्यात

साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकतात. मोळी एक आणि तिला हात लावणारे पंधरा. माझ्या वडलांनी हा फोटो तीसेक वर्षं काढला. माणसं तीच, फेटे तेवढे नवे. मागच्या रांगेतल्या कोणाचा तरी चेहरा झाकला गेला म्हणून दुसरी मोळी आणून हंगामाचा शुभारंभ पुन्हा केल्याचंही मी पाहिलं आहे.

श्रीरामपुरात दादांचा, म्हणजे वडलांचा, फोटो स्टुडिओ होता. मे महिन्यात हिंदू लग्नं, डिसेंबरात ख्रिस्ती लग्नं आणि मधल्या काळात शाळांचे वर्ग नि पासपोर्ट. मग सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि दादांनी शटर ओढलं. त्याबद्दल ते कधी हळहळले नाहीत. शहात्तराव्या वर्षी एका सकाळी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मला देवमाशाचा फोटो काढायचाय."

कोकणातल्या मच्छीमारांनी समुद्रात टिपलेली एक क्लिप कोणीतरी त्यांना पाठवली होती. काळी पाठ वर येते, फवारा उडतो, संपलं. त्यांनी ती किती वेळा पाहिली कोण जाणे. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "आयुष्यभर ज्यांना फोटो हवा होता त्यांचेच काढले. ज्याला त्याचं काही पडलेलं नाही, असा एक काढायचाय."

घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

मी पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली. सगळ्यांत निसर्गाची कूस होती आणि अविस्मरणीय अनुभव होता. होडीत किती माणसं कोंबणार, एवढं मात्र कुठेच नव्हतं. शेवटी मालवणच्या बाजूचा एक होडीवाला मिळाला. होडी लहान, माणसं फार तर सहा, आणि बोलण्यात एकही विशेषण नाही. मला तो तिथेच आवडला.

दादांनी लग्नाची ऑर्डर घ्यावी तशी वही उघडून त्याला फोन लावला. देवमासा साधारण किती वाजता येतो? कोणत्या अंगाने? त्या वेळी ऊन कुठे असतं? होडीवाल्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की डॉल्फिन बहुतेक दिसतील, देवमासा दिसला तर नशीब, आणि त्याचा मुहूर्त त्याच्याकडेही नाही. दादांनी वहीत लिहिलं, 'वेळ नक्की नाही.' त्याखाली लागणाऱ्या फोटोंची यादी होती. फवारा, पाठ, शेपूट. लग्नाच्या यादीत वरमाला, सप्तपदी लिहायचे, त्याच हाताने लिहिलेली.

तो हात आता हलत होता. यादीतली अक्षरंही हलली होती.

मला ते वर्षभरापासून माहीत होतं. दादांनी बशीतून चहा पिणं सोडलं तेव्हापासून. बशीने पिणं गावंढळ दिसतं, असं कारण त्यांनी दिलं. सत्तर वर्षांनी सुचलेली ही सुधारणा मी मुकाट्याने मान्य केली आणि त्यांना कप अर्धाच भरून देऊ लागले. तेही काही बोलले नाहीत. मी बोलले तर बेत मोडेल, हे मला दिसत होतं. न बोलता कोकणात गेलो, तर तो समुद्रात मोडेल. आणि त्या बेतापायी हा माणूस रोज पहाटे उठून लेन्स पुसत होता.

हलत्या होडीतून फोटो काढायची सवय हवी, असं त्यांनीच सुचवलं. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही पुणतांब्याला गेलो. बंधाऱ्यामुळे गोदावरीत पाणी होतं. मासे धरणारा एक जण आम्हाला होडीतून फिरवायला तयार झाला. दादांना त्याने लगेच ओळखलं.

"माझ्या लग्नाचे फोटो तुमीच काढले हुते," तो म्हणाला. "एका बी फोटोत माजे डोळे उघडे न्हाईत."

"तू मिटलेच होतेस," दादा म्हणाले. "दिवसभर."

"व्हय, पन तुमी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

तो एवढा हसला की होडी डुलली. मग आम्ही नदीच्या मधोमध थांबलो. तिथे काळापांढरा खंड्या होता. हा पक्षी हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि एकदम पाण्यात सूर मारतो. दादांच्या मते तालमीला देवमाशाच्या जागी हा ठीक होता. वजनाचा फरक त्यांनी विचारात घेतला नाही.

त्या दिवशी त्यांनी बरेच फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिले. पाणी चांगलं आलं होतं. एका फोटोत पंख होता, एकात चोच, बाकीच्यांत नुसती गोदावरी. आजकालचा कॅमेरा फोटो हलू देत नाही, पण लांब लेन्स लावल्यावर हात केसभर सरकला तरी पक्षीच चौकटीच्या बाहेर जातो.

"होडी फार हलत होती," दादा म्हणाले.

मी हो म्हणाले. त्या सकाळी नदीवर वारा नव्हता.

दोन दिवस ते लेन्सकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी व्यवस्था जाहीर केली. कॅमेरा मी धरायचा. ते मागे बसतील, खांद्यावर हात ठेवतील आणि क्षण आला की खांदा दाबतील, म्हणजे मी बटण दाबायचं. आवाज नको, पक्षी बिचकतो. क्षण कधी येतो हे त्यांना कळायचं, यात शंकाच नव्हती. रडणारं मूल दोन हुंदक्यांच्या मध्ये कधी थांबेल, हे त्यांना मुलाच्या आईच्या आधी कळत असे.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच नावाडी, तीच जागा. खंड्या येऊन फडफडू लागला. खांद्यावर दादांचा हात होता. खांदा दाबला गेला असं वाटलं, मी बटण दाबलं. पुन्हा वाटलं, पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिले. खंड्या सूर मारून मासा घेऊन कधीच गेला आणि मी रिकाम्या आभाळाचे फोटो काढत होते.

"काय करतेस?" दादा चिडले. "मी एकदाच दाबलं."

नावाडी होडीच्या तळातलं पाणी डब्याने उपसायला लागला. उपसण्याएवढं पाणी तिथे नव्हतं.

काहीतरी रचून सांगता आलं असतं. वारा आहे, म्हणता आलं असतं. पण हात अजून खांद्यावर होता, आणि त्या हाताखाली बसून मला खोटं बोलता येईना.

"हात सारखा हलतोय, दादा," मी म्हणाले. "तुम्ही दाबलेलं कुठलं, ते मला कळत नाही."

हात उचलला गेला. मी मागे वळून पाहिलं नाही.

मागून ते म्हणाले, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"बशी सोडलीत तेव्हापासून."

"एवढी अक्कल होती तर तेव्हाच बोलायचं." मग म्हणाले, "डॉक्टरला दाखवलंय मी. एकटाच जाऊन आलो. वयाने हलतो म्हणाला, दुसरं काही नाही."

म्हणजे वर्षभर आम्ही दोघं एकाच गोष्टीची एकमेकांपासून राखण करत होतो. मला हसू आलं आणि रडूही आलं. कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, हे सोयीचं झालं.

खंड्या परत आला. या वेळी खांद्यावर काही नव्हतं. हवेत त्याचे पंख चालले होते, चोच खाली होती. माझं बोट शिवशिवत होतं. मागून दादा हळूच म्हणाले, "हं."

मी दाबलं. फोटोत खंड्या पूर्ण होता, चोच पाण्याला टेकलेली. दादांनी पडद्यावर हाताची सावली धरून तो बराच वेळ पाहिला. उजवीकडे जागा जास्त सोडलीस, म्हणाले. नावाड्यानेही वाकून पाहिला आणि या पाखराचे डोळे उघडे आहेत, असा शेरा मारला.

काठावर उतरल्यावर दादांनी मालवणला फोन लावला. मला वाटलं, रद्द करतात. त्यांनी आधी विचारलं, देवमासा दिसला की इंजिन बंद ठेवता का? ठेवतो, असं उत्तर आलं असावं. "मग बरं," दादा म्हणाले. "माझा हात हलतो. फोटो मुलगी काढणार आणि मी तिला मागून सांगणार. ऐकू आलं पाहिजे." अगदी सहज म्हणाले, चपलेचा नंबर सांगावा तसं.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादांनी फोनवर हात ठेवला.

"लाटांवर तुला उलटी होते का, विचारतोय."

मला घाटातल्या एसटीतसुद्धा होते. ही गोष्ट मी गेले दोन महिने त्यांच्यापासून लपवली होती.

"होते म्हणून सांगा," मी म्हणाले.