ओल्या गोणपाटातली कंपनी

ऐंशीच्या दशकात एका बियाणे कंपनीच्या शेअरचा फॉर्म भरायला मी वाशीच्या बँकेत रांगेत उभा होतो. कंपनीचं माहितीपत्रक तीनदा वाचलं होतं, नफ्याचे आकडे पाठ होते, तरी दहा वर्षं पैसे अडकवायची हिंमत होत नव्हती.

माझ्यापुढे जुन्या वाशी गावातले एक काका होते. इस्त्रीचा सदरा, हातात तोच फॉर्म, आणि काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी. पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"काका, हे काय?"

त्यांनी गुंडाळी काउंटरवरच उलगडली. भाताच्या दाण्यांच्या तीन ओळी, आणि जवळजवळ प्रत्येक दाण्याला पांढराशुभ्र मोड!

"ह्याच कंपनीचं बियानं हाय. पनवेल, उरन, ठानं, तीन दुकानांतनं घेतलं. एका पिशवीवर कोन भरोसा ठेवील? तिन्ही सारखी उगवली, बगा. म्हंजे मानसं चोख हायत."

रांग मोडून सगळे बघायला धावले. कॅशियरसुद्धा उठला. माझं माहितीपत्रक मी सरळ खिशात कोंबलं आणि ठरवल्याच्या दुप्पट शेअरचा फॉर्म भरला.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "तुमची बिल्डिंग कुठली?"

मी सांगितली. त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली.

"ही रोपं गॅलरीतल्या कुंडीत लावा."

"अहो, तुम्हीच लावा की तुमच्या शेतात."

"तेच तं सांगतो," ते हसून म्हणाले, "माझं शेत तिथंच व्हतं."