मार्चमधलं तेल

मार्चचा पहिला शनिवार. अंगणाच्या कडेला काळपटलेला बर्फ अजून साचून होता, पण रेडिओवर फ्लोरिडातल्या बेसबॉलच्या सरावाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे व्हर्ना कोस्टेलनिकच्या लेखी हिवाळा संपला होता. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. चामड्याला लावायच्या तेलाचा डबा खाली काढला, फाटक्या बनियनचा एक तुकडा घेतला आणि मग उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, रे पोलास्की या जुन्या खेळाडूचा झेल घ्यायचा ग्लोव्ह कपाटातून बाहेर आणला.

शेजारची डॉट कॉफीचा कप घेऊन समोर बसली होती.

"आला का गं तुझा दुसरा नवरा?"

"पहिल्यासमोर बोलली नसतीस असं."

"पहिला स्वतःच बोलायचा की! म्हणायचा, मी गेल्यावर मलाही असंच दर वर्षी तेल लावशील ना?"

"मी म्हटलं होतं त्याला, आधी एक तरी चेंडू झेलून दाखव, मग बघू."

दोघी हसल्या. व्हर्नाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पोलादाचा कारखाना बंद पडून दहा. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चारशे पोरांचं जेवण रांधलं आणि निवृत्त झाल्यावर दोघांपुरता रस्सा करायला ती नव्याने शिकली. पुढच्या खोलीत मात्र सोफ्याला जागा कमी आणि रे पोलास्कीला जास्त. खोक्यांवरून कापलेलं त्याचं हसरं तोंड, च्युइंगगमबरोबर मिळायची ती कार्डं, फाडलेली अर्धी तिकिटं, गंज चढलेली शीतपेयाची पत्र्याची पाटी. त्यातलं एक स्कोअरकार्ड सातव्या डावापर्यंत तिच्या थोरल्या भावाच्या, एमिलच्या, बारीक, सरळ खुणांनी भरलेलं होतं आणि पुढे बारा वर्षांच्या व्हर्नाच्या वाकड्यातिकड्या खुणांनी. एमिल शेंगदाणे आणायला गेला होता, म्हणून पेन्सिल तिच्या हातात आली होती. रेने घेतलेला झेल तिने फटका म्हणून लिहून ठेवला. एमिल म्हणाला, "राहू दे, घरी गेल्यावर खोडू." ते खोडायचं राहूनच गेलं.

त्याच दिवशी सामना संपल्यावर दोघं मागच्या फाटकाशी उभे राहिले होते. रे बाहेर आला, चार पोरांना सह्या दिल्या, आणि एमिलचा चेंडू हातात घेतला तेवढ्यात संघाच्या बसचा भोंगा वाजला. "उद्या ये रे, पोरा," रे म्हणाला. दुसऱ्या दिवशी एमिलला कारखान्यात पहिल्यांदा कामावर जायचं होतं. नंतर लष्करात भरती झाला, नंतर कोरियाचं युद्ध, नंतर तार. दर मार्चला तो आपल्या स्वस्तातल्या ग्लोव्हला तेल लावायचा, मध्ये चेंडू घालून दोरीने बांधायचा, आणि दोन रात्री गादीखाली दाबून ठेवायचा. तार आली त्या आठवड्यात आईने त्याचं सगळं सामान चर्चच्या दानपेटीत टाकलं. ग्लोव्हसुद्धा. व्हर्ना तेव्हा शाळेत होती.

रेचा हा ग्लोव्ह त्यानेच कधीकाळी चर्चच्या सोडतीला बक्षीस म्हणून दिलेला. तो न्हाव्याला लागला आणि त्याच्या दुकानात वीस वर्षं खिळ्याला लटकला. न्हावी वारल्यावर व्हर्नाने ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यातले सगळे शुक्रवार चर्चमध्ये त्याच्या बायकोशेजारी उभं राहून पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लाटल्या. ईस्टरला त्या बाईने न विचारता तो आणून दिला.

तेल लावण्यावरून गेल्या वर्षी तिने बोलणी खाल्ली होती. संग्राहकांच्या मेळाव्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका जाणकाराने ग्लोव्ह हुंगला आणि नाक मुरडलं. "तेल लावता? बाई, जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो. याचं अस्सलपण तुम्ही घालवून बसलात. आता हा नुसता एक जुना ग्लोव्ह राहिला." तरी आज तिने डबा काढलाच होता.

तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. या गल्लीत पुढच्या दाराने फक्त पाद्री आणि विमेवाले येतात.

दारात पंचेचाळिशीची एक बाई उभी होती, ओला कोट, हातात गाडीच्या किल्ल्या. "मिसेस कोस्टेलनिक? मी जोआन. रे पोलास्की माझे वडील."

आत डॉटचा कप बशीवर आपटला.

जोआन टेबलाशी आली आणि ग्लोव्ह बघून थबकली. कॉफी समोर आली, पण तिने कपाला हात लावला नाही. "बाबा वर टेकडीवर नन्सच्या वृद्धाश्रमात असतात. ऐंशी झाली आता. माणसं ओळखत नाहीत. रोज सकाळी न्याहारी अर्धी टाकून उठतात आणि म्हणतात, माझा ग्लोव्ह कुठाय, बस चुकेल. संग्रहालयाने त्यांचा शेवटच्या वर्षीचा ग्लोव्ह काचेतून काढून दिला होता. लाकडासारखा वाळलाय. हात जाईना. बाबांनी बाजूला ठेवला. म्हणाले, हा कुणा मेलेल्या माणसाचा आहे. न्हाव्याकडचा तुमच्याकडे आलाय असं चर्चमध्ये कळलं."

"हा विकायचा नाही," व्हर्ना पटकन म्हणाली.

"विकत मागत नाहीये मी. थोडे दिवस द्याल का? थोडे म्हणजे किती, ते मात्र मला सांगता येणार नाही."

व्हर्नाने ग्लोव्ह जोआनकडे सरकवला. जोआनने हात आत घातला. चामडं सहज उघडलं, सहज मिटलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"याला तेल लावता तुम्ही?"

"दर वर्षी," व्हर्ना म्हणाली. मान खाली. "लावायचं नसतं, माहीत आहे मला."

"बाबा लावायचेच की! आई ओरडायची, चादरीला डाग पडतात म्हणून." जोआनने ग्लोव्ह नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "आमच्या घरात मार्च महिन्यात असाच वास असायचा."

व्हर्ना उठली, ओट्यापाशी गेली आणि गरम असलेली कॉफी उगाच पुन्हा गरम करायला ठेवली. कपाटाचं दार उघडंच होतं. वरच्या फळीवर ग्लोव्हच्या मापाची रिकामी जागा दिसत होती. ही जागा आता अशीच राहणार, आणि पुढच्या मार्चला टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं कारण राहणार नाही. एमिलचा ग्लोव्ह गेला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारत तरी होते.

"अगं, बोल काहीतरी," डॉट हळूच म्हणाली. "पोरगी ओल्या कोटात बसलीय."

व्हर्नाने अभ्रा झटकला, ग्लोव्ह आत सरकवला, घडी नीट केली. मग तेलाचा डबा आणि बनियनचा तुकडा एका पिशवीत घातला, पण पिशवी जोआनला दिली नाही. स्वतःच्या हातात धरून ठेवली.

"घेऊन जा. त्यांचाच आहे," ती म्हणाली. "फक्त याला या वर्षीचं तेल अजून लागलेलं नाही. मला तिथे ने. त्यांच्यासमोर बसून लावीन म्हणते."