मोहाखालची आग अन् तुमची नावं

भावंडांनो, हाताचा धुराचा वास अजून गेला नाई, तसंच लिहून राह्यली.

आज सकाळी नाल्याकाठच्या आपल्या मोहाच्या झाडाखालचा पाला जाळाले गेली. आता फुलं टपकाले लागतीन, वेचाले खालची जागा साफ पाहिजे. दरवर्षीसारखीच काडी लावली.

तुम्ही गेल्यापासून तिथं एक नवं गवत माजलं आहे. कमरेएवढं उंच, जनावर तोंड लावत नाई. पाला जमिनीलगत हळूहळू जळते. हे गवत मात्र एकदम भडकलं अन् आग जंगलाकडं धावली.

आपण चौघं हिरव्या डहाळ्या घेऊन चार बाजूंनी उभे राहत होतो, आठवते? आज मी एकाच बाजूले होती. सवयीनं ओरडली, "मंगेश, तिकडून मार! रेखा, नाल्याकडं पाह्य!"

आवाज ऐकून शेजारची शेवंताकाकू सरपण टाकून धावत आली. दोघींनी झोडपून झोडपून आग विझवली. मग काकू म्हणते, "कोणाले हाका मारत होती वं? ते तर सगळे पुण्याले."

मोह वाचला. खालची लहान रोपं गेली. मागच्या साली पाला जाळल्यावर पावसाळ्यात सगळ्यात आधी हेच गवत वर आलं, आणखी दाट. यंदाही तेच होईन, अन् पुढची आग याहून मोठी.

पुढच्या साली काडी नाई लावत, गवत उपटून पाला झाडूनच काढीन. पण ते एकटीच्यानं होत नाई. कोणी येता का? का तुमची नावं घेऊन ओरडणंच बंद करू?