कबुतरांसाठी टांगलेली सीडी

"मावशी, अख्ख्या इंटरनेटवर कुणाकडे नाहीये आईच्या आवाजातला तो डब! लोक शोधतायत नुसते!" भाची चपला काढता काढताच ओरडली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण तो डब माझ्याकडे होता. बेलवलीच्या माझ्या गॅलरीत, सुतळीला बांधलेला, कबुतरांना हाकलत.

माझी धाकटी बहीण, म्हणजे हिची आई, इंग्लिश मीडियमची. लग्नाआधी उल्हासनगरातल्या एका सीडीवाल्याने एका जपानी कार्टून सिनेमाचा इंग्रजी डब स्वतःच करून घेतला होता. दुकानावरची खोली, भिंतींना गाद्या. त्यातल्या कोळ्याच्या मुलीला आवाज दिला आमच्या हिने. पुढे हक्कांवरून लफडं झालं आणि सगळा माल नष्ट करावा लागला. हिला दिलेल्या दोन सीडी तेवढ्या वाचल्या, त्या माहेरच्या कपाटातून माझ्याकडे आल्या.

भाची वर्षाची असताना बहिणीला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. आता ती आनंदनगरच्या एका कंपनीत नोकरी करते, बोलायचं ते मोबाईलवर टाइप करते. पोरीला आईचा आवाज आठवतच नाही. लग्नाची कॅसेट आहे, पण आमच्या व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यावर गाणी घातलीत. उखाण्यावरसुद्धा सनई! मेल्याला आजही शिव्या घालते मी.

आणि मी काय केलं? आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच कबुतरांसाठी जुन्या सीडी टांगतात. मीही सीडींच्या डब्यातल्या दहा-बारा काढल्या आणि दिल्या टांगून. एकीवरचंही नाव वाचलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय? बहिणीच्या त्या दोन सीडींतली एक मागच्या वर्षीच वाऱ्याने उडाली. उरली दुसरी.

भाची ओरडली तेव्हा हे डोक्यात आलं, तरी मी दोन दिवस तिला सांगितलं नाही. लाज वाटली. तिसऱ्या दिवशी भाचीला बोलावलं आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. तिने स्टूल ओढलं. स्टुलावर चढली, गाठ सोडली आणि कबुतरांची घाण धुवायला बेसिनकडे निघाली.

"घासू नकोस गं, बाई!" मी ओरडले.

"आता काळजी वाटते तुला?" ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

दुपारी उल्हासनगरात जुने प्लेअर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. बहीण अर्धी सुट्टी टाकून परस्पर तिथेच आली. पोरीने तिला सगळं कळवलं होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, बस. मोबाईलवर चार शिव्या टाइप केल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुकानदाराने सीडी उजेडात धरली. खालची बाजू पॉलिश केली, मग वरची बाजू पाहून चुकचुकला. "दीदी, इथून पापुद्रा निघालाय. कॉपी तो नहीं होगी. सरळ लावतो. एक बार चलेगी शायद, दुबारा भरोसा नहीं."

भाचीने टीव्हीसमोर मोबाईल धरला. दुकानदाराने पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं. रस्त्यावरचे हॉर्न तरीही येतच होते.

प्लेअर घरघरला. समुद्र दिसला, त्याचे चौकोन झाले, पुन्हा समुद्र. एक म्हातारा बोलला. मग दोन बायका. दर दोन मिनिटांनी चित्र अडकायचं. गणपतीला मी एकवीस नारळ बोलून टाकले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोळ्याची मुलगी काही येईना.

मग ती आली. ओल्या वाळूतून धावत, बापाला हाका मारत.

"ही?" भाचीने विचारलं.

मी मान हलवली. तोच आवाज. स्वयंपाकघरातून मला "ताई" म्हणून हाक मारणारा, जरासा नाकातला. सतरा वर्षांत मी तो विसरले होते, हे मला तेव्हा कळलं, आणि रडूच फुटलं.

मी भाचीकडे पाहिलं तर तिचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती. बहिणीचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द, जिथे श्वास तिथे श्वास. सगळं पाठ होतं तिला. आवाज टीव्हीतून येत होता, पण बोलत होती ती. पोरीने हळूच मोबाईल टीव्हीवरून वळवला आणि आईवर धरला.

तेवढ्यात कर्रकन आवाज झाला. चित्र थिजलं आणि आवाज तुटला, तोही वाक्याच्या मध्यात. दुकानदार घाईने प्लेअरकडे धावला.

बहिणीचे ओठ मात्र थांबले नव्हते.

"अंकल, थांबा ना," भाची म्हणाली. "आई बोलतेय."