टोपीखालची कणसं

जोतीरामला गाव खुळा म्हणायचं, आणि गावाचं तरी काय चुकलं? ज्वारीच्या कणसाला कागदाची टोपी घालणारा माणूस तेव्हा सोलापूरच्या दक्षिणेला दुसरा कुणी नव्हता.

खूळ सुरू झालं ते तीस सालाच्या आसपास. पाऊस दगा देऊन गेला आणि रानभर कणसं पोटरीतच अडकली, पानांच्या गुंडाळीतून निसवलीच नाहीत. एकाच ताटाचं कणीस पुरतं बाहेर येऊन दाण्यांनी भरलं. जोतीरामनं ते बी जिवापाड जपलं, पुढच्या साली पेरलं. ताटं निघाली ती मात्र मिसळीची. काही निसवली, काही अडकली.

सरकारी शेतावरचे पंचाक्षरी साहेब हसले. "अरे, आई तू निवडलीस, बाप वाऱ्यानं आणला. फुलोरा उमलायच्या आधी कणसाला टोपी घाल, म्हणजे त्याचं त्यालाच बी धरेल. चार-पाच पिढ्या असंच निवडत जा. गुण पक्का झाला की बी माझ्याकडं आण, तालुक्याला पेरायला देऊ."

झालं! जोतीरामला दुसरं काही सुचेना. टोप्या चिकटवायला खळ गोजरबाई, त्याची बायको, शिजवायची. पोटी मूल नव्हतं, ते दुःख दोघंही बोलत नसत. "सगळ्यात चांगली कणसं टोपीखाली हायत," हे मात्र तो तिला रोज ऐकवायचा.

पाचव्या साली त्यानं होतं नव्हतं ते बी पेरलं. त्यातली पाच ताटं ठेवली, भेसळ नको म्हणून बाकीची फुलोऱ्याआधीच उपटून बैलांपुढं टाकली. पाऊस कमीच होता, तरी पाचही कणसं निसवली. टोपीखाली दाण्यात दूध भरलं, आणि जोतीराम तापानं पडला. तीन दिवस त्याला शुद्ध नव्हती.

अशातच वेळ अमावस्येचा सण आला. घरोघरची माणसं रानात गेली, कडब्याची कोप उभारून देवीपुढं पाच कणसं वाहू लागली. गोजरबाई एकटीच गेली. तिनं नवस बोलला होता, माझा माणूस उठू दे, रानातलं सगळ्यात चांगलं तुला वाहीन. सगळ्यात चांगलं कुठं आहे, हे तिला विचारावं लागलं नाही.

ती परतली तेव्हा ताप उतरला होता. तिनं भाजलेल्या कणसांचा हुरडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"खावा की. देवीचा परसाद हाय."

"कुटली कणसं?"

"टोपीखालची. पाचीच्या पाची वाहिली. तुमच्यापरीस मोठी हायत व्हय ती?"

पाच वर्षं जोतीरामच्या मुठीत होती, भाजलेली. तिच्याकडं पाहिलं तर तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यानं हुरडा तोंडात टाकला.

"लई ग्वाड हाय," तो म्हणाला.

पंचाक्षरींना त्यानं बी पाखरांनी खाल्लं म्हणून सांगितलं. ते हळहळले आणि निघून गेले.

पुढच्या साली ज्वारी पोटरीत आली तशी गोजरबाईनं न सांगता खळ शिजवून त्याच्यापुढं ठेवली. जोतीरामनं कागद कापले, टोप्या केल्या, रानात जाऊन दिसतील त्या पाच कणसांना घातल्या. ती जिवंत होती तोवर दर साली घातल्या. गाव हसायचं. ती मात्र बांधावर उभी राहून कौतुकानं बघायची.

ती गेल्यावर त्यानं एकदाही टोपी घातली नाही. गाव म्हणालं, जोतीराम शहाणा झाला.